आखडलेली बोटे आणि हॅम रेडिओचा परवाना : एका प्रशिक्षणवर्गाचे परीक्षण

गेल्या वर्षी पुण्यातील एका हौशी रेडिओ क्लबने चालवलेल्या परवाना-परीक्षेच्या तयारीवर्गाला मी आठ रविवार गेले, नंतर परीक्षा दिली आणि आता रिस्ट्रिक्टेड दर्जाचा परवाना घेऊन घरातून नियमित बोलते. वर्गाची फी १,५०० रुपये होती आणि छापील टिपणे त्यातच मिळाली. हे परीक्षण मुख्यतः त्या वर्गाचे आहे. परंतु वर्गात काय मिळाले आणि काय राहून गेले हे परवाना हाती आल्यानंतरच कळत असल्याने, पुढे घेतलेल्या साधनांविषयीही लिहिणे भाग आहे. क्लबचे नाव मुद्दाम लिहिलेले नाही. माझ्या तक्रारी ज्या गोष्टींविषयी आहेत, त्या कोणीही जाणूनबुजून केलेल्या नाहीत आणि शिकवणाऱ्यांविषयी माझ्या मनात कृतज्ञताच आहे.

आधी माझी अडचण सांगते, कारण हे सारे परीक्षण तिच्याच चष्म्यातून केलेले आहे. मला बारा वर्षांपासून आमवात आहे, म्हणजे डॉक्टर ज्याला ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस म्हणतात तो. या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर उलटते. बहुधा हातांची बोटे आणि मनगटे आधी धरतात आणि सकाळी उठल्यावर तास-दीड तास मूठ वळत नाही. तीच बोटे दुपारी भाजी चिरू शकतात. त्यामुळे पाहणाऱ्याला हा आजार खरा वाटत नाही आणि 'काल तर ठीक होतात की' हे वाक्य वरचेवर ऐकून घ्यावे लागते. भिशी, सहली, भजनी मंडळ हे सारे हळूहळू सुटले, कारण तेथे ठरल्या वेळी पोहोचावे लागते आणि न पोहोचल्यास चार जणांना कारण सांगत बसावे लागते. मला असा छंद हवा होता की ज्यात गैरहजेरीचा खुलासा द्यावा लागणार नाही.

हॅम रेडिओ, म्हणजे स्वतःच्या रेडिओ-संचावरून हौसेने इतरांशी बोलणे, हा तसा छंद आहे, असे माझ्या भाच्याने सुचवले. मी आधी नेदरलँड्समधील ट्वेंटे विद्यापीठाचा जो रेडिओ-ग्राहक इंटरनेटवरून कोणालाही ऐकता येतो, त्यावर महिनाभर नुसते ऐकले. प्रक्षेपण करायचे तर आपल्याकडे परवाना लागतो. तो केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाकडून, १९७८ च्या हौशी सेवेच्या नियमांखाली मिळतो आणि त्यासाठी परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते. परीक्षेला बसण्याचे किमान वय १२ वर्षे आहे. कमाल वयाचे बंधन नाही, ही गोष्ट मला विशेष भावली. रिस्ट्रिक्टेड आणि जनरल असे दोन दर्जे आहेत. रिस्ट्रिक्टेडवाल्यांची बोलचिन्हे, म्हणजे रेडिओवर ओळख सांगण्याचे संकेत (कॉल साइन), साधारणपणे व्हीयू-३ ने आणि जनरलवाल्यांची व्हीयू-२ ने सुरू होतात. दोन्हींतील मोठा फरक म्हणजे जनरलसाठी मिनिटाला ८ शब्दांच्या गतीने मोर्स, म्हणजे टिंब-रेघांची सांकेतिक लिपी, यावे लागते. आखडलेल्या बोटांच्या माणसाने त्या आकड्याकडे पाहून दचकणे साहजिक होते.

वर्ग रविवारी सकाळी ९ वाजता, एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावरील सभागृहात भरत असे. इमारतीला लिफ्ट नव्हती. नाव नोंदवण्यासाठी फोन केला तेव्हा मी जिन्याविषयी विचारले होते आणि 'ताई, दोनच तर मजले आहेत' असे उत्तर मिळाले होते. त्या दोन मजल्यांच्या ३८ पायऱ्या आहेत आणि कठडा फक्त डाव्या हाताला आहे, हे मी पहिल्याच रविवारी मोजले. वेळेची अडचण त्याहून मोठी होती. नऊला वर्गात पोहोचायचे म्हणजे माझ्यासाठी साडेपाचला उठणे आले. शिवाय या आजाराचे माझे मुख्य औषध, मेथोट्रेक्सेट, आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते; मी ते शनिवारी रात्री घेत असे आणि दुसरा दिवस मळमळीत जात असे. पहिला रविवार तसाच काढल्यावर मी डॉक्टरांना विचारून औषधाचा वार बदलून घेतला. ही तडजोड मला जमली; ज्याला जमणार नाही त्याच्यासाठी वर्गाकडे कोणताही दुसरा मार्ग नव्हता. ध्वनिमुद्रण उपलब्ध नव्हते आणि चुकलेला भाग टिपणांतून वाचून घ्या, असे सांगितले जाई.

टिपणांविषयीही लिहायला हवे. सिद्धान्ताचा भाग उत्तम आहे. विजेच्या ओहमच्या नियमापासून सुपरहेट या प्रकारच्या रेडिओ-ग्राहकापर्यंत प्रत्येक गोष्ट हाताने काढलेल्या स्वच्छ आकृत्यांसह दिली आहे. नियमांचा भाग मात्र फार जुना आहे. त्यात अजून ग्रेड वन, ग्रेड टू असे कालबाह्य झालेले दर्जे सापडतात आणि अर्ज टपालाने पाठवण्याची कृती पानभर सांगितलेली आहे, जेव्हा की अर्ज आता सरल संचार या संकेतस्थळावरून करावा लागतो. शिकवताना ही दुरुस्ती तोंडी सांगितली जाते, हे खरे; परंतु ज्याचा तो रविवार चुकला, तो टिपणांवरच विसंबणार.

आता वर्गाची खरी जमेची बाजू. शिकवणारे गृहस्थ वायरलेस विभागातून निवृत्त झालेले होते आणि त्यांना आम्ही सगळे सर म्हणत असू. तिसऱ्या रविवारी मी जिन्याच्या मधल्या वळणावर बसलेली त्यांना दिसले. ते काहीही बोलले नाहीत. पुढच्या रविवारपासून प्रात्यक्षिकाचा तास त्यांनी खाली, वाहने लावायच्या जागेत घेतला आणि सगळ्यांना सांगितले की अँटेनाला मोकळे आकाश लागते. हे कारण खरेच होते, त्यामुळे माझ्यासाठी काही केले गेले असे कोणालाही वाटले नाही. आजारी माणसाला मदत कशी करावी याचे इतके चांगले उदाहरण मी दवाखान्यांतही फार वेळा पाहिलेले नाही.

त्या वाहनतळावर शिकलेले काही अजून जसेच्या तसे लक्षात आहे. १४३ ला मेगाहर्ट्झमधील कंप्रतेने (फ्रिक्वेन्सीने) भागले की अर्ध्या तरंगाएवढ्या अँटेनाच्या तारेची लांबी मीटरमध्ये मिळते, म्हणजे ७.१ मेगाहर्ट्झसाठी सुमारे २० मीटर तार, मधोमध तोडून दोन्हीकडे दहा-दहा मीटर. हे सूत्र टिपणांतही आहे, परंतु सरांनी ती तार आमच्याकडून जमिनीवर अंथरवली, पावलांनी मोजायला लावली आणि मग आपल्या घराची गच्ची डोळ्यांसमोर आणायला सांगितली. दुसरे प्रात्यक्षिक स्टीलच्या मोजपट्टीच्या तुकड्यांपासून केलेल्या तीन दांड्यांच्या यागी, म्हणजे एका दिशेला रोखायच्या, अँटेनाचे होते. प्लंबिंगच्या पाइपवर पट्ट्यांचे तुकडे क्लॅम्पने आवळायचे, मधल्या दांडीला केबल जोडायची आणि अँटेना आणि केबल यांची जुळणी मीटरवर पाहत (आकडा एकच्या जितका जवळ, तितकी जुळणी चांगली) पट्टी अर्धा-अर्धा सेंटिमीटर कातरायची. कात्री मला चालवता येत नव्हती, म्हणून मीटर वाचण्याचे काम माझ्याकडे आले आणि काटा दीडच्या खाली उतरला की 'थांबा' असे ओरडण्याचा मान मला मिळाला.

शेवटच्या रविवारी आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक पुण्यावरून जाणार होते. हाच अँटेना हातात धरून त्या दिशेने फिरवायचा आणि १४५.८२५ मेगाहर्ट्झवर स्थानकावरून येणारी डिजिटल पॅकेटे, म्हणजे संगणकी संदेशांचे तुकडे, ऐकायची, असा बेत होता. वर्गातील प्रत्येकाला मिनिटभर अँटेना धरायचा होता. माझी पाळी आली तेव्हा सरांनी छायाचित्रणाची तिवई पुढे सरकवली, अँटेना तिच्यावर बांधला आणि मला फक्त दांडी वळवत राहायला सांगितले. चारशे किलोमीटर उंचीवरून आलेला तो करकर आवाज ऐकताना माझी दोन बोटे दांडीवर टेकलेली होती, इतकाच जोर पुरेसा होता.

परीक्षेविषयी थोडक्यात लिहिते, कारण तीत सांगण्यासारखे फार नाही. एक विभाग रेडिओ-सिद्धान्ताचा आणि दुसरा नियमांचा असतो. रिस्ट्रिक्टेड दर्जासाठी प्रत्येक विभागात ४० आणि एकूण ५० टक्के गुण लागतात. वर्गातील तयारी त्यासाठी पुरेशी ठरली. ज्यांना दहावीनंतर विज्ञानाशी संबंध आला नाही, त्यांनी रोज तासभर दिल्यास दोन महिन्यांत हे सहज जमावे. परीक्षेची फी १०० रुपये होती. परवाना २० वर्षांचा घेतल्यास १,००० रुपये आणि आजीवन घेतल्यास २,००० रुपये लागतात. आजीवन म्हणजे वयाच्या ८० व्या वर्षापर्यंत. मी आजीवनच घेतला, यात थोडा हट्ट होता हे कबूल करते.

वर्गाचे अपयश सुरू होते ते परवान्यानंतर. 'पहिला संच कोणता घ्यावा' या विषयाला त्यांनी अर्धा तास दिला आणि त्या अर्ध्या तासात किंमत, शक्ती आणि बॅटरी एवढेच बोलले गेले. संच हातात कसा बसतो, कळ किती जोराने दाबावी लागते, गोल बटण बोटांच्या टोकांनी फिरते की तळहाताने, हे प्रश्न कोणाच्या डोक्यातच आले नाहीत, माझ्याही नाही. मी सगळ्यांनी सांगितला तसा स्वस्तातला चिनी हँडसेट घेतला. त्याला बोलण्यासाठी बाजूची रबरी कळ दाबावी लागते आणि बोलणे संपेपर्यंत ती दाबूनच ठेवावी लागते. निरोगी माणसाला ही कळ आहे हेसुद्धा जाणवत नाही. माझा अंगठा पंधरा-वीस सेकंदांत थरथरू लागे, कळ अर्धवट सुटे आणि पलीकडच्या माणसाला माझे वाक्य तुकड्या-तुकड्यांनी ऐकू जाई. 'तुमची बॅटरी उतरली आहे का?' असे मला पहिल्या आठवड्यात तिघांनी विचारले. एकदा मी 'नाही, अंगठा उतरला आहे' असे उत्तर दिले आणि मग पाच मिनिटे माझ्या आजारावर चर्चा झाली, जे मला नको होते.

त्यावर उपाय म्हणून मी आवाजाने आपोआप सुरू होणारी सोय वापरून पाहिली. संचाच्या यादीत तिला व्हॉक्स म्हणतात. संवेदनशीलता कमी ठेवली तर वाक्याचे पहिले दोन शब्द गिळले जातात आणि वाढवली तर घरातील प्रत्येक आवाज प्रक्षेपित होतो. एका सकाळी माझ्या स्वयंपाकघरातील कुकरच्या तीन शिट्ट्या रिपीटरवरून, म्हणजे आलेला आवाज दूरवर पुन्हा प्रक्षेपित करणाऱ्या केंद्रावरून, गावभर गेल्या. नेट, म्हणजे ठरल्या वेळी रेडिओवर भरणारी बैठक, चालवणाऱ्या गृहस्थांनी अत्यंत गंभीरपणे 'नवीन स्थानकाने आपले बोलचिन्ह सांगावे' असे म्हटले. मी सांगितले नाही.

अखेर उपाय निघाला तो पायाने. हँडसेटला बाहेरून माइक जोडण्याचे छिद्र असते. त्या माइकच्या कळीच्या दोन तारा बाहेर काढून पायाखाली ठेवायच्या स्विचला जोडल्या की हात मोकळे राहतात. शिलाई मशिनचे पेडल यासाठी चालत नाही, कारण ते वेग कमी-जास्त करणारे असते. साधा चालू-बंद होणारा, पाय उचलला की सुटणारा पायस्विच लागतो आणि तो विजेच्या सामानाच्या दुकानात सहज मिळतो. तारांना डाख देण्याचे (सोल्डरिंगचे) काम इमारतीखालच्या मोबाइल दुरुस्तीवाल्याने दहा मिनिटांत करून दिले. सगळा खर्च संचाच्या किमतीच्या चौथ्या हिश्श्याएवढाही नाही. ही एवढीशी गोष्ट वर्गात एका वाक्यात सांगता आली असती आणि माझे दोन महिने वाचले असते. आमच्याच वर्गात अर्धांगवायूतून सावरणारे एक गृहस्थ होते आणि पेसमेकर बसवलेले एक आजोबा होते. पेसमेकरवाल्यांना सरांनी 'आधी हृदयरोगतज्ज्ञांना विचारा आणि मगच संच हातात घ्या' असे बजावले होते, ते योग्यच झाले. परंतु अर्धांगवायूच्या गृहस्थांना एका हाताने संच कसा चालवावा हे कोणीच सांगितले नाही आणि ते पाचव्या रविवारनंतर आले नाहीत.

लघुतरंगांवर (शॉर्टवेव्हवर), म्हणजे फार दूरवर, बोलण्यासाठी गच्चीवर अँटेनाची तार लागते. सोसायटीची परवानगी मिळवण्याच्या बाबतीत मात्र क्लबने मोठी मदत केली. परवान्याची प्रत जोडलेला अर्जाचा मसुदा त्यांच्याकडे तयार आहे आणि गरज पडल्यास क्लबचा एक सदस्य सोसायटीच्या सभेलाही येतो. आमच्याकडे एका सभासदाला मोबाइल टॉवर उभा राहणार अशी भीती वाटत होती. पाण्याच्या टाकीपासून दोन्ही बाजूंना उतरती जाणारी, दुरून दिसतही नाही अशी तार पाहिल्यावर ते म्हणाले, 'एवढेच? आमच्या कपड्यांच्या दोऱ्या यापेक्षा जाड आहेत.' तार बांधायला शेजारचा मुलगा चढला आणि मी खालून ओरडून सूचना दिल्या. संच वापरलेला घेतला. घेताना या वेळी मी दुकानात नव्हे तर विकणाऱ्याच्या घरी जाऊन, सकाळी, हात सर्वांत वाईट असताना, त्याचे मुख्य बटण फिरवून पाहिले. त्या बटणाला एक खोलगट खळगा आहे. त्यात बोटाचे टोक ठेवून हात न वळवता ते फिरवता येते. वर्गाने शिकवलेल्या तांत्रिक गुणवैशिष्ट्यांपेक्षा या खळग्याने माझा निर्णय ठरवला.

मग हा छंद माझ्या उपयोगी पडला का, तर पडला, आणि वेगळ्याच रीतीने. दुखण्याने रात्री तीनला जाग आली की ४० मीटरच्या पट्ट्यावर, म्हणजे ७ मेगाहर्ट्झच्या आसपास, युरोपातली स्थानके ऐकू येतात. दिवसा सूर्यप्रकाशाने आयनोस्फिअरचा, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित भागाचा, जो खालचा थर या लहरी शोषून घेतो, तो रात्री विरतो आणि त्या दूरवर जाऊ लागतात, हे सरांनीच शिकवले होते. तेव्हा बोलावेसे वाटले तर बोलावे, नाही तर नुसते ऐकावे. सकाळच्या नेटमध्ये आठवडाभर हजेरी लावली नाही तरी कोणी कारण विचारत नाही, कारण कोणाची वीज गेलेली असते, कोणाची तार तुटलेली असते आणि कधी आयनोस्फिअरच साथ देत नाही. हॅम मंडळी स्त्रियांना वायएल, म्हणजे तरुण मुलगी, म्हणतात; वय कितीही असो. मी अठ्ठावन्नाव्या वर्षी या संबोधनाला विरोध करण्याचे काहीही कारण पाहत नाही.

क्लब आपत्तीतील सेवेवर फार भर देतो आणि त्यात गैर काही नाही. डिसेंबर २००४ मध्ये त्सुनामी आली तेव्हा पोर्ट ब्लेअरला हौशी रेडिओची एक तुकडी योगायोगाने आधीच गेलेली होती आणि तिने अंदमानचा बाहेरच्या जगाशी संपर्क जोडून दिला, ही गोष्ट आम्हाला पहिल्याच दिवशी सांगण्यात आली. मात्र वर्गात या सेवेचे चित्र पाठीवर पिशवी घेऊन डोंगर चढणाऱ्या तरुणाचेच रंगवले जाते. वस्तुतः अशा वेळी घरी एका जागी बसून, कोण कोठे आहे याची नोंद ठेवत, सर्वांचे संदेश क्रमाने घेणाऱ्या नेट कंट्रोलची तितकीच गरज असते. ते काम मला जमते. क्लबच्या गेल्या सरावात मी ते अडीच तास केले, पायस्विचवर.

हात अगदीच चालत नसतील अशा दिवसांसाठी एफटी-८ नावाची संगणकीय पद्धत सुचवली जाते. २०१७ साली आलेल्या या पद्धतीत पंधरा-पंधरा सेकंदांच्या आळीपाळीने संगणकच संदेश पाठवतो आणि आपण फक्त माउसने निवड करायची असते. अतिशय क्षीण संकेतही त्यात वाचता येतात आणि माझ्या दहा मीटरच्या दोन तारांवरून जपानपर्यंत नोंदी झाल्या. सोय म्हणून ती निर्दोष आहे. परंतु बोलचिन्ह, ठिकाणाचा संकेत, संकेताची ताकद आणि निरोप, एवढ्यातच सारे संपते. त्याला मी संभाषण म्हणणार नाही, ती पोचपावती आहे. वर्गात तिचे जितके कौतुक झाले तितके मला पटलेले नाही.

राहता राहिले मोर्स. जनरल दर्जासाठी मी पुन्हा त्याच वर्गाच्या मोर्सच्या तुकडीत नाव घातले आहे आणि या वेळी सुधारणा दिसते: तुकडी संध्याकाळी सहाला, घरून, इंटरनेटवर भरते. मिनिटाला ८ शब्दांच्या गतीला एक डिट (टिंब) १५० मिलिसेकंदांचा आणि एक डा (रेघ) त्याच्या तिप्पट, ४५० मिलिसेकंदांचा असतो. जुन्या पद्धतीच्या वर-खाली दाबायच्या कीवर ही लय मनगटाने सांभाळावी लागते, जे माझ्याच्याने होत नाही. पॅडल या दोन पट्ट्यांच्या कीमध्ये अंगठ्याने डिट आणि तर्जनीने डा मिळतो व त्यांची लांबी किअर नावाचे इलेक्ट्रॉनिक उपकरण सांभाळते. त्यातही स्पर्शाने चालणारी पॅडले असतात, ज्यांच्या पत्र्याला बोट नुसते टेकले की पुरे, दाबावे लागतच नाही. असे पॅडल मी मागवले आहे आणि गेले तीन आठवडे वापरते आहे. एकच दोष असा की टेबलावरून चहाचा कप उचलताना हाताची बाजू पत्र्याला लागते आणि एक डा निघून जातो.

वर्गाला पाचपैकी साडेतीन गुण देते. साडेतीनपैकी तीन सरांचे आहेत. नवीन तुकडी दिवाळीनंतर सुरू होणार आहे असे कळते. नाव नोंदवणाऱ्यांनी जागा कितव्या मजल्यावर आहे हे विचारावे आणि 'दोनच तर मजले' असे उत्तर आले, तर पायऱ्या किती आहेत हेही विचारावे. ३८ आहेत.